चार वाजता अंधार पडतो आणि घरी जावंसं वाटतं

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी 20 वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. पुण्यात जपानी भाषा शिकते. सप्टेंबरच्या शेवटी विद्यार्थी देवाणघेवाणीतून एका वर्षासाठी उत्तर जपानमधल्या साप्पोरोला गेली. "महाबळेश्वरची थंडी माहीत होती, म्हणून वाटलं जमेल," असं ती लिहिते. आता डिसेंबर आहे. रोज बर्फ पडतो, चार वाजता अंधार होतो. वर्गाला जाताना ती दोनदा घसरून पडली, दुसऱ्यांदा तर रस्ता ओलांडताना, सगळ्यांदेखत. तेव्हापासून वर्ग सोडला तर ती खोलीबाहेर पडत नाही. जपानी मुलं-मुली गोड बोलतात, "परत भेटू" म्हणतात, पण बोलवत कुणी नाही. जेवण म्हणजे भात आणि लोणचं. रात्री घरचे मोकळे झाले की दोन-तीन तास फोन चालतो, पण त्यात सगळं छान आहे असंच ती सांगते. आई सकाळी सहाच्या चहाला तिने पाठवलेले बर्फाचे फोटो शेजारणींना दाखवते. तिथल्या खर्चासाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं आहे. ती विचारते, "मी मनाने कमकुवत आहे का? फेब्रुवारीत सत्र संपलं की परत यावं, की दातओठ खाऊन एप्रिलपर्यंत काढावं? बर्फ वितळला की सगळं सुरळीत होईल."

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी अडकले. बर्फ वितळला की सगळं सुरळीत होईल, असं तू लिहिलं आहेस. मी त्या शहरात दोन हिवाळे काढले आहेत आणि पहिल्यात अगदी हेच वाक्य रोज मनाशी म्हणत होते. म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडू. साप्पोरोत पहिला बर्फ साधारण ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबर लागताच पडतो. डिसेंबरात जमिनीवर जो थर बसतो तो एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हलत नाही. म्हणजे तुझ्या वर्षातले जवळपास पाच महिने पांढरे. ते खोलीत बसून ढकलायचे ठरवलेस, तर हातात उरणार फक्त वसंत आणि उन्हाळा. साप्पोरो म्हणजे काय हे तर हिवाळ्यातच कळतं.

त्याआधी "कमकुवत" या शब्दाचं बघू. तू दिनक्रम लिहून पाठवलास हे फार बरं केलंस. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. घरी जेवणं, भांडी, मालिका आटोपून आई-बाबा नऊ-साडेनऊला फोनवर येतात तेव्हा तुझे साडेबारा-एक वाजलेले असतात. तीन-साडेतीनला तू झोपतेस. दुपारचा वर्ग असेल त्या दिवशी अकराला उठतेस. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. नऊ तासांचा दिवस, त्यातले चार तास तू झोपेत घालवतेस, उरलेले पडदा ओढून खोलीत किंवा वर्गात. सलग तीन आठवडे अंगावर उजेड न पडलेल्या कुणाचंही मन असंच होईल. सातारचा उन्हाळा अंगावर घेऊन वाढलेल्या मुलीचं तर होणारच. यात स्वभावाचा दोष शोधू नकोस. आधी झोप आणि उजेड या दोन गोष्टी जागेवर आण, मग मनाची परीक्षा घे.

तेव्हा पहिलं काम हे: फोन रात्रीचा सकाळवर आण. आई सहाला चहा घेते, तेव्हा तुझे साडेनऊ झालेले असतात. शनिवार-रविवारी त्या वेळी मनसोक्त बोल. मधल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. रात्री बाराच्या आत दिवा बंद, आणि सकाळी उठल्यावर, आभाळ भरलेलं असलं तरी, वीस मिनिटं बाहेर. बर्फावरून परतलेला उजेड ढगाळ दिवशीही भरपूर असतो. पहिले चार-पाच दिवस अवघड जातील, कारण रात्रीचा फोन हा तुझा एकमेव सोबती झाला आहे. पण तोच तुझी सकाळ खातो आहे.

आता पडण्याबद्दल. तू रस्ता ओलांडताना पडलीस यात नवल काहीच नाही. शहरातली सगळ्यांत निसरडी जागा तीच. गाड्यांची चाकं सिग्नलपाशी थांबतात, पुन्हा निघताना जागच्या जागी फिरतात आणि खालचा बर्फ घासून घासून काचेसारखा करतात. तिथलेही लोक तिथेच पडतात. माझ्यासमोर ब्रीफकेस घेतलेले एक गृहस्थ पडले, उठले, कोट झटकला आणि चालू लागले. आजूबाजूच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तू ज्याला "सगळ्यांदेखत" म्हणतेस ते त्या शहरात रोजचं आहे. कुणी हसलं नसेल, आणि मदतीला धावलं नसेल तर तोही तिथे मान राखण्याचाच प्रकार.

चालायची मात्र एक रीत आहे आणि ती शिकावी लागते. पावलं लहान टाकायची. टाच आधी न टेकवता अख्खा तळवा एकदम खाली, वजन किंचित पुढे, गुडघे सैल. आपल्याकडे भाताच्या खाचरात चिखलातून कसं चालतात ते आठव, साधारण तसंच. हात खिशात नकोत, म्हणून हातमोजे हवेतच. (गंमत बघ, साप्पोरो ज्या बेटावर आहे त्या होक्काइदोच्या बोलीत हातमोजे "घालत" नाहीत. पायमोज्यांसाठी जे "हाकु" क्रियापद, तेच हातमोज्यांनाही लावतात. टोकियोची माणसं याला हसतात. आपल्याला हसू यायचं कारण नाही, आपण तर त्यांना मोजेच म्हणतो.) पुण्याहून नेलेले बूट कितीही महाग असले तरी त्यांचा तळ बर्फासाठी केलेला नसतो. तिथल्याच साध्या दुकानातून हिवाळी तळाचे बूट घे, किंवा बुटाला खालून अडकवायचे काटे घे. कर्जाच्या पैशांतून हा खर्च करताना अपराधी वाटेल, पण मनगट मोडलं तर त्याहून जास्त जाईल. तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा तू काढलेला असणारच, तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना तो घ्यावा लागतो. त्यामुळे दवाखान्यात खर्चाचा 30 टक्के भाग तुझ्याकडे येतो. पडल्यावर दुखत राहिलं तर अंगावर काढू नकोस.

आणखी एक. कपडे जाड एकच नको, पातळ तीन हवेत. बाहेर उणे पाच असलं तरी आतला हीटर इतका तापवलेला असतो की वर्गात घाम फुटतो. ओल्या अंगाने पुन्हा बाहेर गेलीस की मग खरी थंडी वाजते. खोलीतल्या कोरड्या हवेने त्वचा फुटत असेल, तर रात्री ओला टॉवेल वाळत घाल. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली असेल तर गरम पाण्याच्या वाटीत ठेव.

हे सगळं जगण्याच्या सोयीचं झालं. तुझी खरी तक्रार वेगळी आहे: तिथे माझं कुणी नाही.

तू लिहितेस की ती माणसं वरवर गोड आहेत. मी असं म्हणेन की तू अजून पाहुणी आहेस, आणि पाहुण्याशी माणसं गोडच बोलतात. आपल्या घरी पाहुणी बाई आली की आपण तिला पाटावर बसवतो, चहा देतो, हसून बोलतो. ती स्वयंपाकघरात येऊन कोथिंबीर निवडायला बसली की खऱ्या गप्पा सुरू होतात. साप्पोरोत ती कोथिंबीर म्हणजे बर्फ.

माझा अनुभव सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी राहत होते त्या इमारतीसमोर एक आजी राहत. रोज सकाळी सहाला खरवडल्याचा आवाज यायचा. त्या दारासमोरचा बर्फ काढत असत. महिनाभर मी खिडकीतून बघत होते आणि आपण फार एकटे आहोत असं समजत होते. एका सकाळी आमच्याच दारासमोर गुडघाभर साचला, म्हणून फावडं घेऊन खाली उतरले आणि आपल्याकडे माती ओढतात तसा बर्फ उचलून फेकायला लागले. आजी रस्ता ओलांडून आल्या, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि त्यांचं अवजार दिलं: रुंद घमेल्याला दांडा लावावा तसं, दोन्ही हातांनी ढकलायचं. उचलायचं नाही, खाली सारायचं आणि सरकवत न्यायचं. त्यांनी माझ्या कमरेवर हात ठेवून किती वाकायचं ते दाखवलं. मग आभाळाकडे बघून म्हणाल्या, "शिबारेरु ने."

हा शब्द तुला पुस्तकात भेटणार नाही. थंडीला वर्गात "सामुई" शिकवतात. हाडं गोठवणाऱ्या थंडीला तिकडचे लोक "शिबारेरु" म्हणतात. आणि शेवटचा तो "ने" म्हणजे आपला "ना". आपण नाही का म्हणत, "काय गारठलंय ना!" समोरच्याने हो म्हणावं एवढ्यासाठीच बोललेलं वाक्य. मला तोवर जपानी लोकांशी बोलायला विषय सापडत नव्हते. त्या दिवसापासून विषय आभाळातून रोज पडायला लागला.

म्हणून तुला माझं सांगणं आहे की वसतिगृहाच्या व्यवस्थापकांकडे जा आणि विचार, दारासमोरचा किंवा सायकलींजवळचा बर्फ काढायला मी येऊ का. जपानी अडखळलं तरी चालेल, फावड्याकडे बोट दाखवलंस तरी समजेल. आठवड्यातून दोन सकाळी पुरे. त्यात उजेड मिळेल, अंगाला व्यायाम होईल, भूक लागेल आणि येणारा-जाणारा "ओत्सुकारेसामा" म्हणेल. थकलात, कष्ट घेतलेत, असं मानून बोलायचा तो शब्द पाहुण्याला कुणी म्हणत नाही.

त्या शहराचं सगळं आयुष्यच या कामावर उभं आहे हे एकदा डोळ्यांनी बघ. एका हिवाळ्यात तिथे सरासरी पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि वस्ती 20 लाखांच्या घरात. इतका बर्फ पडूनही इतकी माणसं रोज वेळेवर कामाला पोचतात, ती कुणीतरी पहाटे उठलेलं असतं म्हणून. एकदा लवकर उठून ट्रामच्या रुळांपाशी जाऊन उभी राहा. पुढे बांबूच्या काड्यांचे गोल फिरणारे खराटे लावलेली गाडी येते आणि रूळ झाडत जाते. त्या गाडीला "सासारा" म्हणतात. आपल्या अंगणातला खराटाच तो, विजेवर फिरणारा. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यांवर, उतारांपाशी पेट्या दिसतील. त्यांत वाळूच्या लहान पिशव्या असतात, कुणीही घ्याव्यात आणि निसरड्या जागी पसराव्यात. तू पडलीस त्या चौकात बघ, बहुधा जवळपास असेलच एखादी. पुढच्या वेळी तिथून जाताना एक पिशवी तू पसर.

मैत्रीचंही थोडं याच वाटेने जातं. "परत भेटू" हे तिकडे आमंत्रण नसतं, निरोप असतो. आपल्यासारखं "चल गं, चहाला" असं उठून जाणं तिथे क्वचित. भेट दिवस-वेळ ठरवून होते, आणि बहुतेक वेळा एखाद्या मंडळातून होते. विद्यापीठात विद्यार्थ्यांची जी मंडळं असतात, ज्यांना ते "साकुरु" म्हणतात, त्यातलं एक धर. कुठलंही चालेल: गाणं, ढोल, डोंगर चढणं, स्वयंपाक. पण एकच धर आणि दर आठवड्याला जा. तिथे हुशारीपेक्षा सातत्याला मान आहे. पहिल्या तीन वेळा कोपऱ्यात बसावं लागेल. चौथ्यांदा कुणीतरी तुझ्यासाठी जागा धरून ठेवेल. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओदोरी बागेत हिमोत्सव होतो, त्याच्या आधी मोठी बर्फशिल्पं उभारायला स्वयंसेवक लागतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आत्ताच चौकशी कर. या उत्सवाची सुरुवात 1950 मध्ये स्थानिक शाळकरी मुलांनी केली, सहा शिल्पं करून. आज जगभरातून माणसं बघायला येतात. तू बघायला जाण्याऐवजी पाणी आणि बर्फ कालवायला जा.

अजून एक गोष्ट मनात ठेव. त्या शहराचं नावच ऐनू भाषेतलं आहे. ऐनू तिथले मूळचे. बाकी बहुतेकांचे पूर्वज 1869 नंतर दक्षिणेकडून आलेले, बर्फात कसं राहायचं हे न कळणारे. त्यांनीही पहिले हिवाळे रडतच काढले असणार.

खाण्याचं मी थोडक्यात सांगते, पण ते हलकं समजू नकोस. भात-लोणच्यावर हिवाळा निघत नाही. होक्काइदो म्हणजे जपानचं कांदा-बटाट्याचं आणि दुधाचं कोठार. देशातलं निम्म्याहून जास्त दूध तिथलं. तेव्हा बटाट्याची पिवळी भाजी, कांद्याचं पिठलं, दहीभात हे तुला तिथे सहज जमायला हवं. तिथला चिकट तांदूळ गुरगुट्या भातासाठी आपल्या आंबेमोहरासारखाच बेतशीर. डाळ आणि मसाले ऑनलाइन मिळतात. शाकाहारी असशील तर रश्शांमध्ये माशाचा अर्क असतो हे लक्षात ठेव आणि विचारून खा. साप्पोरोची स्वतःची "सूप करी" आहे, तीही एकदा खाऊन बघ, पण वरील प्रश्न विचारूनच. आणि महत्त्वाचं म्हणजे सामाईक स्वयंपाकघरात कर. खोलीत कुकर लावून दार बंद करू नकोस. फोडणीच्या वासाने कुणीतरी नक्की विचारायला येईल.

आता आई. तू तिला खोटं सांगतेस ते तिला त्रास होऊ नये म्हणून, हे मला समजतं. पण त्यामुळे तीन तास बोलूनही तुला हलकं वाटत नाही, कारण त्या तीन तासांत तू नसतेसच, फोटोतली मुलगी असते. कर्जाचं ओझं वाटतं म्हणून बाबांना तर काहीच बोलता येत नाही. मी सुचवेन की सगळं एकदम ओतू नकोस. एक खरी गोष्ट सांग: "आई, मी दोनदा पडले गं, आता ठीक आहे, पण भीती बसली." बघ ती काय म्हणते. पावसाळ्यात शेणाने सारवलेल्या अंगणात घसरलेली कोणतीही बाई तुला बर्फावर चालायचा सल्ला देऊ शकते, आणि तो उपयोगी पडेल.

परत यायचं की नाही? यायचं असेल तर त्यात लाज नाही. काही जणांना परतावंच लागतं आणि त्यांचं पुढे चांगलंच होतं. पण निर्णय या दिवसांत नको. 21-22 डिसेंबरला वर्षातला सगळ्यांत लहान दिवस असतो, आणि लगेच नवं वर्ष येतं. जपानी मुलं घरी जातात, वसतिगृह ओस पडतं, सरकारी कार्यालयं 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद राहतात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षातला सगळ्यांत एकटा आठवडा तो. त्याची सोय आत्ता कर: जे इतर परदेशी विद्यार्थी मागे राहणार आहेत त्यांना गाठ, एक दिवस एकत्र जेवण ठरव, एक दिवस देवळात पहिल्या दर्शनाला जाणाऱ्या गर्दीत जा. लोक रात्री बाराच्या ठोक्याला थंडीत रांगा लावून उभे असतात. किराणा आधी भरून ठेव.

निर्णयाची तारीख 31 जानेवारी ठेव. तोवर झोप सकाळवर आणून झालेली असेल, साकुरुच्या पाच-सहा बैठका झाल्या असतील. दरम्यान समन्वयकांना भेटून साध्या गोष्टी विचारून घे: एका सत्रावर परतलं तर श्रेयांकांचं काय, पुण्याचं महाविद्यालय ते धरेल का, शिष्यवृत्ती असेल तर परत द्यावी लागते का, वसतिगृहाचं भाडं कधीपर्यंतचं. हे कळलं की निर्णय भीतीतून न होता हिशेबातून होईल. पैशांसाठी नोकरीचा विचार करत असशील, तर आधी परवाना काढ. सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांची मर्यादा आहे. मी तर म्हणेन, तू सध्या त्याच्या निम्म्यावर थांब.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण असं पत्र लिहिणारी तू एकटी नाहीस. झोप सुधारूनही दोन आठवडे मन उठत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन समुपदेशकाची वेळ घे. उत्तरेकडच्या हिवाळ्यात हे डॉक्टरांच्या ओळखीचं दुखणं आहे, त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरं-वाईट करावं असा विचार एकदाही आला, तर वाट बघायची नाही. त्याच क्षणी शेजारच्या खोलीचं दार वाजव, व्यवस्थापकांना उठव, तिथल्या रुग्णवाहिकेच्या 119 क्रमांकाला फोन कर. कुणाची झोपमोड होईल याचा विचार त्या वेळी करायचा नाही.

या शनिवारी सकाळी साडेनऊला बूट घालून बाहेर उभी राहा आणि तिथूनच आईला फोन लाव. तिचा चहा तेव्हाच उकळत असेल.